बावीस जणींचं शिवणघर

मी, मातालेना आउमुआ, वय एकाहत्तर पूर्ण, अविवाहित, राहणार वाइतेले, आपिया शहराच्या पश्चिमेस, धंदा शिवणकाम, आज मंगळवार दिनांक १४ मे २०२४ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांचा दाखल्यावर विश्वास नसेल त्यांनी शिवणघरात चौकशी करावी. गेल्या शनिवारी निळ्या दोऱ्याचे एक रीळ कमी भरले, ते कोणत्या कपाटातून गेले हे मी खुर्चीवरून न उठता सांगितले होते. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायला कोणी मागेपुढे पाहिले नसते, पण मी कोणाला कळूच दिले नाही.

हे टंकलेखन करून न घेण्याचे कारण असे की शहरात हे काम करणारी मुलगी आमच्या चर्चमधल्या गायनप्रमुखाची सून आहे. तिच्या कानी पडले की रविवारच्या प्रार्थनेआधी सगळ्या बाकांना माझी वाटणी पाठ झाली असती. प्रत्येक पानाच्या तळाशी माझी सही आहे. जिथे कागद कोरा राहिला तिथे आडवी रेघ मारली आहे. पाने एकूण अकरा. दहाच सापडली तर अकरावे ज्याने लपवले त्याचा त्या पानात तोटा होता, एवढे वाचणाऱ्याने समजून घ्यावे.

कलम पहिले. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. दुसरे मृत्युपत्र माझ्या भावाची मुलगी लोसा हिने चोरून वाचले होते. त्याच्या पानांमध्ये मी माझा एक पांढरा केस ठेवला होता आणि तो जागेवर नव्हता. मी तिला त्याबद्दल कधी विचारले नाही. विचारले असते तर तिला कळले असते की मी केस ठेवते.

कलम दुसरे. या कागदाप्रमाणे वाटणी करण्याचे काम मी माझ्या वकिलांकडे देते, भाऊ फेरेती याच्याकडे नाही. फेरेती आमच्या घराण्याचा मुख्य आहे, घराण्याची मानाची पदवी त्याच्याकडे आहे, आणि तो सरळ माणूस आहे. पण समोरच्याने हात पुढे केला की याचा हात खिशात जातो. असा माणूस मुख्य म्हणून शोभतो. वाटणीसाठी तो कामाचा नाही.

कलम तिसरे. जमीन घराण्याची आहे, ती लिहून द्यायचा मला हक्क नाही. घर मात्र मी बांधले. ते फेरेतीच्या कुटुंबाला जावे. पूर्वेकडच्या कुंपणालगतचे विलायती फणसाचे झाड आमचे आहे. शेजारी वीस वर्षे सांगत आहेत की फांदी त्यांच्या बाजूला आली म्हणजे फळ त्यांचे. मी मेल्यावर पहिल्याच आठवड्यात ते काठी घेऊन येतील. घरातल्यांनी तयार राहावे.

कलम चौथे. माझ्या मयताला डुकरे तीनच कापावीत. खारवलेल्या मांसाच्या डब्यांच्या पेट्या किती आल्या आणि किती वाटल्या हे दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळ्या कागदांवर लिहावे, आणि ती माणसे एकमेकांच्या नात्यातली नसावीत. गायनप्रमुखाने माझ्याबद्दल चार शब्द बोलू नयेत. तो रडतो आणि मग स्वतःबद्दल बोलतो.

कलम पाचवे. बँकेत जे आहे त्यातून मयताचा खर्च भागवून उरलेले फेरेतीच्या नातवंडांच्या शिक्षणाला जावे. याबद्दल अधिक लिहीत नाही. आकडा लिहिला की नातवंडे वाढतात.

कलम सहावे. काळे लोखंडी शिवणयंत्र लोसाला. ते मी १९८६ साली ऑकलंडहून जहाजाने आणले. तिथे पडद्यांच्या कारखान्यात मी बारा वर्षे टीप घातली. रोज संध्याकाळी फाटकाशी आमची रांग लागायची आणि एक गोरा माणूस आमच्या पिशव्या टेबलावर उपड्या करायचा. बारा वर्षांत माझ्या पिशवीतून पडद्याची एक कडीही निघाली नाही, तरी तो रोज तितक्याच मन लावून शोधायचा. कंगवा, डबा, बायबल, सगळे बाजूला काढून ठेवायचा आणि पिशवीचा तळ हाताने चाचपायचा. मला त्याचा इतका संताप यायचा की बसमध्ये बसल्यावर दोन थांबे जाईपर्यंत मी पिशवी पुन्हा काढायची आणि पुन्हा भरायची. पुढे मी माझ्या शिवणघराच्या दाराशी टेबल मांडले तेव्हा फेरेती बघायला आला आणि म्हणाला, ‘‘बारा वर्षांत तिकडून एवढंच शिकून आलीस होय?’’ मी त्याला सांगितले की तुला बावीस माणसे सांभाळावी लागत नाहीत. त्यावर तो म्हणाला की घराण्यात त्याला दोनशे आहेत.

कलम सातवे. आता शिवणघर. वाइतेलेच्या मोठ्या रस्त्याला लागून असलेली इमारत, सतरा यंत्रे, कापड बेतायची दोन टेबले, छपाईच्या लाकडी फळ्या आणि धंद्याचे नाव, हे सगळे मी सिएनी उएले, राहणार पुआपुआ, सावाई बेट, हिला देते. हे वाचून लोसा खुर्चीत सरळ बसेल. तिने पुढचेही वाचावे.

पहिली पाच वर्षे मी एकटी होते. मग सिएनी आली. अठरा वर्षांची, सावाईहून बोटीने, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात मामाची चिठ्ठी. तिला टीप सरळ घालता येत नव्हती, पण कापड असे बेतायची की पोषाखामागे वीतभर कापड वाचायचे. नंतर आणखी एक आली आणि आम्ही तिघी झालो. दुपारी नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पाने एकाच भांड्यातून खायचो. बेतून उरलेल्या चिंध्या ज्या त्या आपल्या घरी न्यायच्या. मीच तसे सांगितले होते. कोणाच्या मुलाला ताप आहे, कोणाचा नवरा पितो, सगळे मला ठाऊक असायचे.

मग चर्चच्या परिषदांची कामे येऊ लागली. परिषदेला प्रत्येक गावच्या महिला मंडळाला स्वतःच्या नक्षीचा पोषाख लागतो, आणि ती नक्षी दुसऱ्या कोणाच्या अंगावर दिसली तर मंडळाची नाचक्की होते. माझ्या फळ्या मीच कोरायची, म्हणून लोक माझ्याकडे येत. आम्ही नऊ झालो, मग चौदा, मग बावीस. तिघी असताना मी फार विश्वासाने वागत होते असे कोणी समजू नये. तिघींवर नजर पुरत होती, इतकेच. बावीस झाल्यावर नजर पुरेना, म्हणून कुलपे आली. फळ्यांच्या कपाटाला कुलूप, दोऱ्यांना कुलूप, दाराशी टेबल. लोसा तेव्हा वीस वर्षांची होती. तिला मी पिशव्या तपासायला बसवले आणि कोण काय बोलते ते मला सांगायलाही. चिंध्या न्यायची सवलत मी बंद केली. म्हणजे मनातल्या मनात बंद केली. कोणाला सांगितल्याचे मला आठवत नाही.

वाढत्या छोट्या धंद्यांसाठी शहरातल्या हॉटेलात दोन दिवसांचे शिबिर झाले, त्यालाही मी गेले. ब्रिस्बेनहून आलेल्या गृहस्थांनी फळ्यावर चौकोन काढले, सगळ्यांत वर मालक, आणि सांगितले की धंदा वाढला की विश्वास खालच्या माणसांवर सोपवायला शिका. मी हात वर करून विचारले की सोपवलेला परत कसा मागायचा. त्यांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

कलम आठवे. हे कलम वाटणीचे नाही, पण याच्याशिवाय सातवे कोणाला समजणार नाही. हे लिहायला मला दहा वर्षे लागली आहेत.

२०१४ साली एका मोठ्या मंडळाचे नव्वद पोषाख आमच्याकडे होते. त्यांच्यासाठी मी केवड्याचे पान आणि त्यात समुद्रपक्ष्याची तीन पावले अशी नक्षी कोरली होती. तशी पुन्हा माझ्या हातून उतरली नाही. परिषदेला आठ दिवस असताना तीच नक्षी दुसऱ्या गावच्या मंडळाच्या अंगावर बाजारात दिसली. पानाच्या देठाला माझा सुरा घसरला होता, ती चूकसुद्धा जशीच्या तशी. आमच्या मंडळाने नव्वद पोषाख परत केले आणि त्यांच्या अध्यक्षीणबाईंनी दारात उभे राहून मला विचारले की आमची नक्षी कितीला विकलीत.

फळ्यांच्या कपाटाच्या किल्ल्या दोनच होत्या. एक माझ्या कमरेला, एक सिएनीकडे. ती आधीच्या आठवड्यात मावशीच्या मयताला म्हणून पाच दिवस सावाईला गेली होती. मला एवढे पुरले. त्या संध्याकाळी मी लोसाला टेबलावरून उठवले आणि स्वतः बसले. सिएनीच्या पिशवीच्या तळाशी त्याच नक्षीच्या चिंध्या निघाल्या, हाताएवढ्या, सात-आठ. एकवीस जणी मागे रांगेत उभ्या होत्या.

मी विचारले, ‘‘हे काय?’’

‘‘चिंध्या आहेत, ताई. धाकटीच्या गोधडीला.’’

‘‘कोणाला विचारून घेतल्यास?’’

‘‘तुम्हीच न्यायला सांगितलं होतंत.’’

‘‘कधी?’’

‘‘तिघी होतो तेव्हा.’’

लोसा माझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘‘आत्या, नुसत्या चिंध्याच आहेत गं. यावरून कोणी फळी कोरेल का?’’ हे तिच्या बाजूने इथे नोंदवते. मी तिला गप्प केले. सिएनीला मी एकवीस जणींसमोर चोर म्हटले आणि पुन्हा दारात दिसलीस तर पोलिसांना बोलावीन असे सांगितले. ती रडली नाही. किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि चिंध्या एकेक करून घडी घातल्या. न रडणे हाही मी पुरावाच धरला.

बातमी तिच्या आधी बोटीने पुआपुआला पोहोचली. चौथ्या दिवशी उजाडायच्या आत तिचे वडील उएले माझ्या अंगणात येऊन बसले. ते त्यांच्या घराण्याचे मुख्य आणि चर्चचे वडीलधारे होते. मागे घराण्यातले चार पुरुष मान खाली घालून बसले होते. उएले मांडी घालून जमिनीवर, आणि डोक्यावरून पांघरलेली त्यांच्या घराण्याची बारीक विणीची चटई. ऑकलंडला वाढलेली भाचरे हे वाचतील म्हणून लिहिते: याला आम्ही इफोगा म्हणतो. ज्याच्या माणसाने अपराध केला, तो दुखावलेल्याच्या दारात चटईखाली बसून राहतो. आतल्याने येऊन चटई उचलली तर क्षमा. नाही उचलली, तर आतला बाहेर येऊन काय करील ते सोसायची तयारी ठेवूनच तो आलेला असतो.

मी खिडकीतून पाहत होते. मला वाटले, मुलीची नोकरी परत मिळवायचा हा डाव आहे. मी कोको करून प्याले. ऊन चढले. सत्तरीच्या आसपासचा माणूस दहा वाजेपर्यंत माझ्या अंगणात बसून होता आणि मी पडद्याआडून पाहत होते की तो कुठे चटई वर करून डोकावतो का. त्याने डोकावले नाही. शेवटी फेरेती धावत आला, माझ्याकडे बघितलेही नाही, आणि त्यानेच चटई उचलून त्यांना आत आणले.

उएले माझ्यासमोर बसून म्हणाले, ‘‘बाई, मुलगी काहीबाही सांगत होती. मी ऐकून घेतलं नाही. एवढी मोठी बाई एकवीस जणींसमोर खोटं कशाला बोलेल?’’

मी मान डोलावली. चटई ठेवून घेतली.

आता खरे काय ते. परिषदेच्या दोन महिने आधी मला भीती वाटू लागली होती की कोणीतरी ती फळी चोरील. म्हणून मी कोणाला न सांगता ती शहरातल्या एका दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये तिची नक्कल कापून आणली आणि पलंगाखाली ठेवली. २०१८ साली मी दुसऱ्या फळीची नक्कल करायला तिथेच गेले. दुकानदार चांगला माणूस. म्हणाला, ‘‘तुमची ती पावलांची नक्षी लोकांना फार आवडली हो. भिंतीवर नमुना लावला होता, तर एका मंडळाच्या बाई येऊन तसाच ठसा कापून घेऊन गेल्या. मला वाटलं तुमच्यातल्याच.’’ मी वर्ष विचारले. २०१४ होते.

म्हणजे चोर नव्हताच. चोर येईल म्हणून मीच ती नक्षी घराबाहेर नेली आणि ती दुकानाच्या भिंतीवर टांगली गेली. सिएनीचा त्यात काहीही दोष नव्हता. हे वाक्य मी मोठ्या अक्षरांत लिहिले आहे आणि वकिलांनी ते मोठ्याने वाचावे.

हे कळल्यावर मी गप्प बसले. सहा वर्षे गप्प बसले. मला वाटायचे, आता बोलले तर बावीस जणी माझे काही ऐकणार नाहीत, माल नेतील, उशिरा येतील, मागे हसतील. कामगारांपुढे मालकाने चूक कबूल केली की धाक संपतो, असे मी स्वतःला समजावले. त्या वर्षांत लोसा सावाईला जाऊन येई आणि न विचारता मला सांगे. सिएनी घरीच शिवते. एकाच अंगणात राहून वडील तिच्या हातचे जेवत नाहीत, रविवारच्या पंगतीला तिला बोलावत नाहीत. ते आजारी पडल्यावर तीच त्यांचे कपडे धुते, आणि ते तिला नावाने हाक मारत नाहीत. लोसाने एकदाही ‘आत्या, काहीतरी कर’ असे म्हटले नाही. मला संशय आहे की तिला सगळे ठाऊक होते.

२०२० साली उएले वारले. मुलगी चोर आहे असे समजून वारले. मी त्यांच्या मयताला मांसाच्या डब्यांच्या चार पेट्या आणि एक चटई पाठवली. स्वतः गेले नाही. पलंगाखालची नक्कल मी जाळली. उएलेंनी आणलेली चटई मात्र मी कोणाच्या लग्नाला वा मयताला पुढे दिली नाही. ती पेटीत आहे. ज्या अपराधाबद्दल ती मिळाली तो घडलाच नव्हता, तर ती माझी कशी होईल?

कलम नववे. माझ्या मृत्यूनंतर माझी शवपेटी बोटीने सावाईला न्यावी, पुआपुआला सिएनीच्या घरासमोर जमिनीवर ठेवावी आणि तिच्यावर माझ्या आईची चटई पसरावी. सिएनी चटई उचलील तेव्हाच मला पुरावे. तोपर्यंत पुरू नये.

वरच्या कलमाचा कच्चा मसुदा मी काल फेरेतीला वाचून दाखवला. बाकीचे दाखवले नाही. तो बराच वेळ पायाचा अंगठा चोळत बसला.

‘‘माताले, मेलेल्या बाईला नाही कोण म्हणेल?’’ तो म्हणाला. ‘‘सगळं गाव नाकाला फडकं लावून उभं राहणार. ती बिचारी उचलेल चटई, करेल काय! याला माफी मागणं म्हणतात होय? हा तर तिच्या गळ्यात दोर टाकून माफी ओढून घेणं झालं.’’

मी म्हटले, मग घराण्याचा मुख्य म्हणून तू बस, तसाच रिवाज आहे. तो बसायला तयार झाला. म्हणाला, मी बसतो, पण तू घरी कोको पीत बसणार असशील तर नाही. मी म्हटले, मी एकटी जाऊन बसले तर? तो म्हणाला, ‘‘घराण्याशिवाय एकटी बाई चटईखाली बसली तर तो इफोगा नाही. ती दवात बसलेली म्हातारी.’’

रात्रभर मी विचार केला आणि प्रत्येकाचा हिशेब मांडला. वकील म्हणतील, शवपेटी बोटीने न्यायला परवाना लागतो. गायनप्रमुख म्हणेल, घराण्याची शोभा होईल. लोसा हे कलम वाचून कागद खाली ठेवील, आणि आठवे कलम कोणाच्या तरी ओच्यात जाईल. मी मेल्यावर तुमच्यातला एकही माणूस हे करील असा मला भरवसा नाही. आयुष्यभर ज्यांच्या हाती दोऱ्याचे रीळ सोडले नाही, त्यांच्या हाती हे कसे सोडू?

म्हणून येत्या मंगळवारी मी स्वतः तिथे जाऊन बसणार आहे. आदल्या दिवशीच्या बोटीने. फेरेतीला यायचे तर यावे. मी परत आले नाही किंवा तिथे काही बरेवाईट झाले, तर वरील सर्व कलमे लागू राहतील आणि नवव्याचा विचार करायचे कारण उरणार नाही.

सही: मातालेना आउमुआ
ठिकाण: वाइतेले. दिनांक: १४ मे २०२४.
साक्षीदार: (१) फुआतिनो, पाद्रीबाई, वाइतेले. (२) इओसेफा, शाळामास्तर, वाइतेले.
दोघांनी मला सही करताना पाहिले. मजकूर हाताने झाकलेला होता.

पुरवणी

मी, मातालेना आउमुआ, वर लिहिलेलीच, आज मंगळवार दिनांक २१ मे २०२४ रोजी दुपारी ही पुरवणी पुआपुआ येथे सिएनीच्या शिवणाच्या टेबलावर लिहीत आहे. अक्षर थोडे वाकडे आहे, त्याला कारण जमिनीवर बसणे आहे, दडपण नव्हे.

उजाडण्यापूर्वी मी तिच्या घरासमोर आईची चटई पांघरून बसले. फेरेती आला होता. तो माझ्या मागे नाही, शेजारी बसला, आणि घराण्याचा मुख्य असून त्याने अर्धी चटई स्वतःच्या डोक्यावर ओढून घेतली. आमच्यामागे आणखी कोणीतरी येऊन बसले. मी वळून पाहिले नाही, चटईखालून वळता येत नाही. नंतर कळले की ती लोसा होती आणि तिच्याबरोबर शिवणघरातल्या अकरा जणी. त्यांना मी बोलावले नव्हते. बोटीचे पैसे त्यांनी स्वतः भरले होते, आणि आज कामाचा दिवस आहे.

चटईखाली काही दिसत नाही, ऐकू येते. सिएनी बाहेर आली, थांबली, आत गेली. मग झाडूचा आवाज आला. तिने सगळे अंगण झाडले, आमच्या भोवतीने. मुलांना शाळेत पाठवले. आतून यंत्राची टीप सुरू झाली, आणि ती अजून सरळ नाही हे माझ्या लक्षात आले. गावातले लोक जमले, बोलू लागले, गप्प झाले. दहा वाजले असावेत. मला वाटले, दहाला उठवील. बरोबर दहाला उठवले असते तर हिशेब चुकता झाला असता. दहा होऊन गेले.

पुष्कळ वेळाने तिची पावले माझ्यासमोर आली.

‘‘ताई, तुम्ही चुकीच्या बाजूला तोंड करून बसलात,’’ ती म्हणाली. ‘‘मला माहीतच होतं मी चोर नाही. ज्यांना माहीत नव्हतं ते तिकडे आहेत.’’

आमच्याकडे घरची माणसे अंगणातच पुरतात. उएलेंची कबर माझ्या डाव्या हाताला दहा पावलांवर होती आणि मी दाराकडे तोंड करून बसले होते. मी चटईसकट सरकत तिकडे गेले. फेरेती उठवायला लागला, मी उठले नाही. कबरीसमोर बसून मी सगळे सांगितले. दुकान, प्लास्टिकची नक्कल, भिंतीवरचा नमुना, पडद्याआडचा कोको, सहा वर्षे. गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले. मध्येच मला रडू आले आणि मी भरभर बोलू लागले, तेव्हा सिएनी म्हणाली, ‘‘सावकाश सांगा. त्यांना शेवटी कमी ऐकू यायचं.’’

संपल्यावर तिने चटई उचलली, घडी केली आणि घरात नेली. आमच्याकडे चटई घरात गेली की बोलणे संपले असे धरतात. तिच्या वडिलांची चटई मी तिला परत दिली. ती तिने छातीशी धरून ठेवली. तिने मला मनातून माफ केले का ते मला माहीत नाही. तिने तसे म्हटले नाही आणि मी विचारले नाही. आम्हा सगळ्यांना तिने अळूची पाने आणि मासे वाढले.

जेवताना मी तिला सातवे कलम सांगितले. ती म्हणाली, ‘‘मला नको तुमचं शिवणघर. इथे आम्ही तिघी शिवतो. चौथी मी घेणार नाही.’’ मग कोणाला देऊ, असे मी विचारले. ती म्हणाली, लोसाला द्या, ती दहा वर्षे लाजेने इकडे येत होती, आणि आज ज्या कामाचा दिवस बुडवून आल्या त्या अकरा जणींना तिच्यासोबत वाटा द्या.

त्यानुसार: सातवे कलम रद्द. शिवणघर लोसा आणि त्या अकरा जणींना समान वाट्याने. आठवे कलम कायम, आणि ते दर वर्षी नव्याने कामाला लागणाऱ्या प्रत्येकीला वाचून दाखवावे. नववे कलम रद्द, कारण ते पार पडले आहे.

ही पुरवणी सिएनीने वाचली. मजकूर मी झाकला नाही. ‘आठवे कलम कायम’ याच्यापुढे मी एक वाक्य लिहिले होते की त्या वेळी धंद्याची परिस्थितीच तशी होती. ते खोडा म्हणाली. मी खोडले.

साक्षीसाठी इथले पाद्री आले आहेत, दुसरा साक्षीदार हवा होता. अंगणात गावभर माणसे आहेत, त्यांतले कोणीही चालले असते. कायद्याने मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. फेरेती बाद, लोसा बाद, अकराही जणी बाद. सिएनी मात्र नाही. मी सिएनीला विचारले की माझ्या कागदावर तुझा शब्द देशील का. तिने हात पुसले आणि खुर्ची ओढली.

सही: मातालेना आउमुआ
ठिकाण: पुआपुआ, सावाई. दिनांक: २१ मे २०२४.

साक्षीदार:
(१) तावीता, पाद्री, पुआपुआ.
(२) सिएनी उएले, शिवणकाम, पुआपुआ. हिला या मृत्युपत्राने काहीही मिळालेले नाही. हिच्या शब्दावर हा कागद खरा मानावा.